टाकीतले आगंतुक: पाहुणा कोण, घरफोड्या कोण?

रात्री साडेअकराला फोनवर एक फोटो येतो. निळ्या उजेडात काढलेला, हललेला, मधोमध काहीतरी केसाळ. खाली दोनच ओळी: ‘हे काय आहे? मारू का?’ खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न आहे, आणि माझं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं: थांबा, आधी ओळखा.

प्रवाळाचा फ्रॅग (छाटलेला तुकडा), खडक, समुद्री शेवाळ, एखादी गोगलगाय, यांतलं काहीही घरी आणलं की त्याच्या भोकांतून, बुडख्याखालून, शंखावरून आणखी बरंच काही येतं. न बोलावता आलेल्या या मंडळींना आपण आगंतुक म्हणू. त्यांतले बहुतेक टाकीचे फुकटचे सफाई कामगार असतात, काही उपद्रवी असतात आणि अगदी मोजके घातक. माझ्या पाहण्यात टाक्या आगंतुकांमुळे कमी आणि मालकाच्या घाईमुळे जास्त बिघडल्या आहेत. म्हणून हा लेख पायरीपायरीने वाचा आणि चौथ्या पायरीवर थेट उडी मारू नका.

पायरी १: हात लावण्याआधी चार प्रश्न

- कुठे दिसला? काचेवर, वाळूत, खडकाच्या भोकात की थेट प्रवाळावर? प्रवाळावरच सापडणारा जीव आधी संशयित धरा.
- केव्हा दिसतो? फक्त रात्री निघत असेल तर दिवसाच्या तपासाला अर्थ नाही.
- खाताना पाहिलात का? मेलेल्या माशावर चढलेला किडा बहुधा खुनी नसतो, तो पंचनाम्याला आलेला असतो. जिवंत, धडधाकट प्राण्याचा लचका तोडताना दिसला, तरच आरोप ठेवा.
- संख्या वाढते आहे का? एक दिसला म्हणून घाबरू नका. आठवड्यात एकाचे दहा झाले, तर दुर्लक्षही करू नका.

पाहायची रीत सोपी आहे. दिवे मालवल्यावर दोनेक तास जाऊ द्या. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद बांधा, कारण टाकीतल्या बऱ्याच जीवांना लाल उजेड जाणवत नाही. पंप बंद करा आणि दहा मिनिटं न हलता बसा. आधी वाळूच्या कडेला दोऱ्यासारख्या मिशा वळवळतात. मग खडकाच्या चिरेतून गुलाबी-करडं काहीतरी इंचभर बाहेर येतं, वाळूवरचा खाऊचा कण उचलतं आणि पुन्हा आत जातं. हा ब्रिसल वर्म. दिवसभर ज्याच्या नावाने तुम्ही खडे फोडता, तो रात्री तुमचीच उष्टी काढत असतो.

फोटो पांढऱ्या उजेडात, काचेला फोन टेकवून घ्या. काचेच्या बाहेरून तांदळाचा दाणा चिकटवला, तर आकाराचा अंदाज येतो.

पायरी २: यांना राहू द्या

- साधे ब्रिसल वर्म: उरलेलं अन्न आणि मेलेले जीव खातात. फार वाढले तर समजा, तुम्ही जास्त खाऊ टाकता. खाऊ कमी करा, त्यांची संख्या आपोआप उतरते. मात्र बोटाने उचलू नका. अंगावरचे केस कातडीत काचेच्या बारीक कुसांसारखे घुसतात. घुसलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा, चोळू नका. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा.
- कोपेपॉड, अँफिपॉड: काचेवर पळणारे पांढरे ठिपके आणि खडकावरचे वाकडे, उडणारे किडे. माशांचं हे ताजं खाद्य आहे.
- स्पॅगेटी वर्म, फेदर डस्टर: नळीतून बाहेर आलेले धागे किंवा पिसांचा झुपका. पाण्यातले कण टिपतात.
- छोटे ब्रिटल स्टार, कायटन, स्टोमाटेला: शेवाळ आणि गाळ साफ करतात.
- ट्रॅपेझिया खेकडे: पोसिलोपोरासारख्या प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे इवलेसे खेकडे आपल्या घराचं रक्षण करतात. त्यांना हाकलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ब्रिसल वर्मच्या जातकुळीत एक अपवाद आहे. डोक्यावर पाच शिंगं आणि अंगावर इंद्रधनुषी झाक असेल, तर तो युनिस असू शकतो. २००९ मध्ये इंग्लंडच्या न्यूकी गावातल्या ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जात होते आणि गुन्हेगार काही सापडेना. शेवटी खडक एकेक करून उपसला, तेव्हा आत सुमारे चार फूट लांबीचा असा किडा निघाला. असे प्रकार विरळा, म्हणूनच त्यांची बातमी होते. तुमच्या टाकीतला बोटभर किडा बहुधा साधाच असतो. तरी शिंगं मोजून घ्या.

पायरी ३: यांच्यावर नजर ठेवा

- ॲस्टरिना तारामासे: नखाएवढे, बहुधा एखादी भुजा तुटलेली. बहुतेक फक्त काचेवरचा थर चाटतात. काही मात्र झोअँथिडवर बसलेले सापडतात. प्रवाळावर रोज तोच दिसला तर हाताने काढा.
- अनोळखी खेकडे: केसाळ अंग आणि नांग्यांची टोकं काळी असतील तर संशय घ्या. मोठे झाल्यावर हे गोगलगायी आणि झोपलेले मासे पकडू शकतात. मारायची गरज नाही, पकडून संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या खणात) हद्दपार करा.
- व्हर्मेटिड गोगलगाय: खडकावर कडक नळी आणि तिच्या तोंडातून निघणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं चिकट सूत. एक-दोन चालतील. प्रवाळाशेजारी असतील, तर त्या सुतामुळे पॉलिप मिटून राहतात. नळी मोडून तोंडावर सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब लावा. तो जेल स्वरूपात घ्या, पातळ गोंद पाण्यात पसरतो.
- ‘टक् टक्’ आवाज: आवाज आला की लोक मँटिस श्रिम्पच्या नावाने घाम पुसतात. पण असाच आवाज पिस्टल श्रिम्पही करतो, आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. आधी डोळे पाहा. देठावर फिरणारे मोठे डोळे मँटिसचे. बिळाशेजारी फुटलेले शंख सापडले, तर शंका उरत नाही.

पायरी ४: यांना बाहेर काढा

ऐप्टेशिया. सगळ्यात जास्त पत्रं या समुद्रफुलाबद्दल (ॲनिमोनबद्दल) येतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू. तपकिरी, काचेसारखं आरपार, लांब लवचीक देठ, वर टोकदार धाग्यांचा मुकुट. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते सुंदरच वाटतं. बोट जवळ नेलं की पापणी मिटावी तसं आत जातं. त्याचा डंख शेजारच्या प्रवाळाला जाळतो.

माझी चूक सांगतो, तुम्ही ती करू नका. पहिलं ऐप्टेशिया मी जुन्या टूथब्रशने घासून काढलं. खडक स्वच्छ दिसला आणि मी खुशीत झोपलो. तीन आठवड्यांनी मोजली तर अकरा होती. पायाचा बारीकसा तुकडा मागे राहिला, तरी त्यातून नवं ऐप्टेशिया उगवतं. घासणं म्हणजे त्याची पेरणीच.

पर्याय असे:

१. खडक लहान आणि सुटा असेल तर बाहेर काढा आणि ऐप्टेशियाच्या बुडाशी असलेला खडकाचा टवका छिन्नीने उडवा. सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

२. खडक हलत नसेल तर चुन्याची दाट पेस्ट वापरा. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण तो मत्स्यालयासाठी विकला जाणारा शुद्ध हवा. पानाच्या डबीतला नको, त्यात काय मिसळलं आहे ते कळत नाही. पंप बंद करा. सिरिंजने हळूहळू, ते मिटण्याआधी तोंडासकट सगळी तबकडी झाका. वीस मिनिटं थांबून पंप सुरू करा. चुना पीएच झपाट्याने चढवतो, म्हणून एका दिवशी दोन-चारच उरका. हातमोजे आणि चष्मा घाला. तयार औषधी पेस्टही मिळतात, त्या अशाच वापरायच्या.

३. सगळीकडे पसरलं असेल तर शिकारी आणा. कोणता, ते पुढे पाहू.

माजानो. ऐप्टेशियाचाच भाऊ, पण बुटका आणि धाग्यांची टोकं गोंडेदार. उपाय तेच.

मँटिस श्रिम्प. खडक बाहेर काढा, बादलीवर धरा आणि भोकात सोडा वॉटर किंवा जास्त खारं पाणी सिरिंजने सोडा. तो बादलीत उतरतो. खडक टाकीच्या पाण्याने धुऊनच परत ठेवा. भोकात बोट कधीही घालू नका. त्याचा फटका शंख फोडतो, नख तर सहज.

लाल चपटे किडे. गंजाच्या रंगाचे, काही मिलिमीटर लांब, मागे दोन शेपट्या. काचेवर आणि वाळूवर थर साचतो. एकदम मारले तर मरताना विष सोडतात आणि मासे जातात. म्हणून आधी बारीक नळीने रोज शोषून काढा. संख्या घटली की मगच औषध द्या. ताजा कार्बन आणि पाणी बदलायला तयार खारं पाणी हाताशी ठेवा.

ॲक्रोपोरा खाणारे चपटे किडे, मॉन्टिपोरा खाणारे न्यूडिब्रँक. किडे प्रवाळाच्याच रंगात मिसळतात आणि पांढरे न्यूडिब्रँक प्रवाळाच्या खालच्या बाजूला लपतात, म्हणून सहज दिसत नाहीत. दिसतात ते त्यांचे चावे आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावरच्या अंड्यांच्या ओळी. डिपने (प्रवाळ बुडवायच्या औषधी पाण्याने) किडे गळतात, अंडी मात्र तशीच राहतात. अंडी खरवडा किंवा तो भाग छाटून टाका. मग दर आठवड्याला एकदा, असं किमान सहा आठवडे डिप द्या. दोन डिप झाल्यावर थांबणारे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

बबल अल्गी. हिरवे चकचकीत मणी. टाकीत फोडू नका. बुडखा चिमट्याने सोडवून अखंड काढा आणि सुटणारे तुकडे शेजारी धरलेल्या नळीने ओढून घ्या.

सापळा लावायची साधी रीत

१. काचेचा सरळ, गुळगुळीत ग्लास खडकाला तिरका टेकवून ठेवा.

२. तळाशी कोळंबीचा छोटा तुकडा टाका.

३. दिवे बंद करा. खेकडा खडकावरून आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून वर चढू शकत नाही.

४. सकाळी लवकर पाहा. कोळंबी तशीच राहिली, तर बारा तासांच्या आत काढा, नाहीतर पाणी नासेल.

किड्यांसाठी झाकणाच्या छोट्या बाटलीला बाजूने दोन भोकं पाडा, त्यांत स्ट्रॉचे तुकडे घाला, आत आमिष ठेवा आणि बाटली वाळूवर आडवी ठेवा.

शिकारी आणण्याआधी

- पेपरमिंट कोळंबी छोटी ऐप्टेशिया खाते, पण सगळ्याच खातात असं नाही. दुकानात तिच्याच नावाने कॅमल श्रिम्पही विकली जाते. तिच्या पाठीला कुबड असतं, डोळे मोठे आणि अंगावर ठसठशीत पांढऱ्या रेघा. ती प्रवाळ कुरतडते. पाहूनच घ्या.
- बर्गिया न्यूडिब्रँक फक्त ऐप्टेशियाच खातो. ऐप्टेशिया संपलं की तो उपाशी मरतो. काम झालं की दुसऱ्या छांदिष्टाला द्या.
- कॉपरबँड बटरफ्लाय ऐप्टेशिया खातो, पण लहान टाकीत आणि तयार खाद्यावर टिकवणं कठीण.
- हार्लेक्विन कोळंबी ॲस्टरिना खाते, पण तिचं जेवण तारामासेच. पुढे तुम्हाला तिच्यासाठी तारामासे विकत आणावे लागतील. ते नको असेल तर तिला आणूच नका.

हे करू नका

- खडक उकळू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. उकळलं, सुकं घासलं किंवा जोराच्या पाण्याने धुतलं तर ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जातं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हेंटन गावात टाकीतलं प्रवाळ साफ करताना हे विष हवेत पसरलं आणि १० जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. असे प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काम पाण्याखालीच करा.
- मुख्य टाकीत तांब्याचं औषध घालू नका. माशांचा रोग जाईल, पण कोळंबी, गोगलगायी, प्रवाळही जातील. शिवाय खडक तांबं शोषून ठेवतो.
- अख्खी टाकी रिकामी करू नका. एका खेकड्यासाठी महिनोन्महिने मुरलेलं जैविक संतुलन मोडणं हा रोगापेक्षा जालीम उपाय.
- काढलेलं काहीही समुद्रात, खाडीत, नाल्यात टाकू नका. फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यावर पसरलेलं कौलर्पा शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाखाली पहिल्यांदा दिसलं. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियात सापडलं. ते उखडायला सहा वर्षं आणि सुमारे ७० लाख डॉलर लागले. आपल्याकडे गोड्या पाण्याच्या टाकीतून सुटलेला सकर मासा उजनी धरणाच्या मच्छीमारांना ठाऊक आहे. काढलेले जीव फ्रीझरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाका. टाकीच्या पाण्यात ब्लीच घालून, काही तास ठेवून मगच ते मोरीत ओता.

दारातच अडवा

आगंतुक टाकीत शिरला की महिन्याचं काम लागतं. दारात अडवायला अर्धा तास पुरतो.

१. टाकीच्या पाण्याची तीन भांडी भरा. पहिल्यात प्रवाळासाठी मिळणारं डिप, बाटलीवरच्या प्रमाणात. उरलेली दोन धुण्यासाठी.

२. फ्रॅग पहिल्या भांड्यात बहुधा दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मधून मधून मोठ्या ड्रॉपरने त्यावर पाणी फवारा. तळाशी काय गळतं ते पांढऱ्या भांड्यात छान दिसतं.

३. फ्रॅगचा प्लग (ज्या बुडख्यावर तो चिकटवलेला असतो) फेकून द्या. अंडी आणि ऐप्टेशिया बहुधा त्याच्या खालीच असतात. नव्या प्लगवर चिकटवा.

४. दोन्ही भांड्यांत धुऊन क्वारंटाइन टाकीत ठेवा. तिच्यात वाळू नको. ४० लिटर पुरते. चार ते सहा आठवडे दर आठवड्याला भिंगाने तपासा.

५. दुकानाच्या पिशवीतलं पाणी तुमच्या टाकीत ओतू नका.

गोगलगायी डिपमध्ये मरतात. त्यांचे शंख ब्रशने घासून त्यांना क्वारंटाइनमध्येच ठेवा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी शंखावर गाठी धरून बसतो, म्हणून छांदिष्टांमध्ये माशांविना ७६ दिवस हा नियम रूढ आहे.

आणखी एक सोपा मार्ग: सुरुवातच कोरड्या किंवा सिरॅमिक खडकावर करा. टाकी मुरायला वेळ लागतो, पण घरभेदी कमी. फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी वाचकांना समुद्रात वाढवलेला लाइव्ह रॉक कायदेशीर मिळतो. त्यात जैवविविधता जास्त आणि आगंतुकही जास्त. त्यांनी क्वारंटाइन दुप्पट काटेकोर करावं.

कायदा आणि तुमचे हक्क

काय करता येणार नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, सी फॅन, समुद्री काकड्या आणि समुद्रघोडे २००१ पासून आहेत. मालवणच्या, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं, तो मेलेला असला तरी, ‘छंद’ म्हणून माफ होत नाही. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘लोकल लाइव्ह रॉक, स्वस्तात’ असं कोणी म्हणालं तर हात जोडून निघा.

काय मागायचं. आयात केलेला जीव घेताना आयातीच्या कागदपत्रांची प्रत आणि प्रजातीचं शास्त्रीय नाव घातलेलं बिल मागा. चौथ्या अनुसूचीतल्या परदेशी प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

काय मिळू शकतं. आगंतुक निघाला एवढ्यावर दुकानदाराला दोषी धरता येत नाही. पण ‘क्वारंटाइन केलेलं’, ‘कीडमुक्त’ असं लिहून देऊन किडे निघाले, किंवा कॅमल श्रिम्प पेपरमिंट म्हणून विकली, तर तो ग्राहकाच्या फसवणुकीचा मुद्दा आहे.

- पिशवी उघडताना व्हिडिओ काढा, बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा.
- आधी दुकानदाराला लेखी कळवा. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं.
- नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.
- त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

पुढचा फोटो पाठवताना

टाकीशेजारी एक वही ठेवा. तारीख, काय दिसलं, कुठे, किती, आणि तुम्ही काय केलं. महिन्याभरात कोण रोज त्याच जागी बसतो आणि कोण फक्त फिरायला येतो, हे त्या पानांवरून कळतं.

मला जरूर लिहा, फोटोही पाठवा. फक्त तो पांढऱ्या उजेडात काढा, तांदळाचा दाणा विसरू नका. आणि ‘मारू का?’ असं विचारण्याआधी तो दिवसा कुठे असतो आणि रात्री काय खातो, एवढं लिहून काढा. कितीतरी वाचकांना त्या दोन ओळी लिहितानाच उत्तर सापडलेलं आहे.